मागच्या दाराजवळची पेटी

मित्रांनो, तुमचे गुरुजी ज्या पेटीतून रोज खडू काढतात, आणि मधल्या सुट्टीत जिच्या फटीला तोंड लावून तुम्ही "ऊ" करता, ती जुनी पेटी म्हणजे मी. तुमच्या "ऊ"ला मी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही. त्यात राग नाही. लाकडाला बोलता येत नाही, एवढंच. ऐकू मात्र येतं, आणि माझी सगळी अडचण तिथेच आहे.

आज डोंगरकडा गावच्या शाळेत मी कोपऱ्यात बसले आहे, पण माझा जन्म वसमतचा. तिथे रुळांच्या अलीकडे कापसाचा एक जिन होता. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. विलायतेहून यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यातून आले, त्या खोक्याच्या फळ्या दगडोबा सुतारांनी तासल्या आणि मला घडवलं. एक फळी त्यांच्या हातून उलटी लागली. त्यामुळे 'जपून हाताळा' हे छापील इंग्रजी शब्द माझ्या पोटाच्या आतल्या बाजूला राहून गेले. ते आजही आहेत. बाहेरून कुणाला दिसत नाहीत.

मला बनवून घेतलं ते जिनाचे मॅनेजर किसनराव यांनी. हैदराबादेला कॉलेज शिकलेले, पायात मोजे घालणारे गृहस्थ. एका इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की तिकडच्या कारखान्यांत मालक लोक कामगारांनाच विचारतात, बाबांनो, कारखाना सुधारायचा कसा? मग कामगार सांगतात आणि कारखाना सुधारतो. किसनरावांना हे फार आवडलं, कारण यात खर्च एका पेटीचाच होता.

दगडोबांनी माप घेताना विचारलं, "पेटी कशाची म्हनावं साहेब? देवाची का गान्याची?"

"विचारांची," किसनराव म्हणाले. "कामगारांचे विचार साठवायची."

"मंग लहानच पुरंल की."

किसनरावांना राग आला आणि त्यांनी मला दुप्पट मोठी करायला सांगितलं. वर एक लांब फट ठेवली, पुढे झाकण केलं आणि झाकणाला गोदामाचं असतं तेवढं दणदणीत पितळी कुलूप घातलं. आपलं बोलणं इथे सुरक्षित आहे असं कामगारांना वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कुलपाचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. पुढे त्याची बदली झाली. ते येईलच.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटला, आणि किसनराव मला शेजारी ठेवून ओट्यावर उभे राहिले.

"हा जिन शेठजींचा नाही, तुमचा आहे," ते म्हणाले. शेठजी खुर्चीत बसले होते, ते जरा हलले. "तुमचे हात आम्ही घेतोच आहोत. यंदापासून तुमचं डोकंही घ्यावं असा विचार आहे."

समोर बसलेल्या बायांपैकी एकदोघींनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला.

किसनरावांनी मग सगळी रीत समजावून सांगितली. जिनात काय चुकतं, काय सुधारावं, ते चिठ्ठीवर लिहून या पेटीत टाकायचं. संक्रांतीला पेटी उघडणार. ज्याची सूचना पसंत पडेल त्याला जरीकाठी पटका.

"अन् बाई आसली तर?" मागून एक जाड आवाज आला. तो शालूबाईचा. जिनातली सगळ्यात जुनी बाई, साऱ्या बाया तिला मावशी म्हणत.

"बाई असली तर लुगडं."

"मंग ठीक हाय," शालूबाई म्हणाली, जणू करारावर तिची सही व्हायची राहिली होती.

मला मागच्या दाराजवळच्या भिंतीवर ठोकलं. पाण्याचा रांजण तिथेच होता, म्हणून सगळ्यांचं येणंजाणं तिकडूनच होई. आत रेच्यांची रांग होती. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. एकेका रेच्यावर एकेक बाई कापूस घालत उभी, आणि हवेत रुईची तुसं अशी की समोरची बाई धुक्यातून दिसावी. मागचं दार उघडलं की बाहेर एक कडुनिंब. त्याच्या फांद्यांना झोळ्या बांधलेल्या आणि झोळ्यांत कामावरच्या बायांची लेकरं. झोके द्यायला एक म्हातारी होती. तिला दिसायचं कमी, पण हात चालायचा.

पहिले काही दिवस माझ्यात काहीच पडलं नाही. पडणार कसं? लिहिता येणारी माणसं जिनात होती कारकून आणि संतराम मुकादम, आणि त्या दोघांना जिनात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. बाकीच्यांनी उभ्या जन्मात चिठ्ठी लिहिली नव्हती.

वाट काढली शालूबाईने. पाण्याला आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि बायांना म्हणाली, "चिठ्ठी शिकल्यालायसाठी. आपल्यासाठी तोंड हाय की. शेठजीच्या बंगल्यात दसऱ्याला ऐकली न्हाई का गान्याची पेटी? बाई गेली मरून, अन् गानं पेटीत बसून राहिलं. हितं बोलायचं, हे आत धरून ठेवन. संक्रांतीला काढतीन अन् लावतीन शेठजीपुढं."

"खरं व्हय?"

"मंग येवढं कुलूप काहून घातलं? कागदाला कुनी येवढं कुलूप घालते काय?"

या बोलण्यात खोट काढणं अवघड होतं. ती गाण्याची पेटी, म्हणजे ग्रामोफोन, त्या सगळ्यांनी कानांनी ऐकली होती. मासिक कुणीच वाचलं नव्हतं. शालूबाई पुढे झाली, तिने पदराने फट पुसली, तोंड लावलं आणि खणखणीत आवाजात माझ्यात पहिली सूचना केली.

"ऐक बरं पेटीबाई. मी शालूबाई. रांजनावर झाकन घाला म्हनावं. पानी पिऊन राहिलो का कापूस खाऊन राहिलो, समजंना झालं."

मग काय, रोज रांग लागायला लागली. इंजिनखोलीतला आगवाला येऊन सांगून गेला की पट्ट्यावर जाळी बसवा, माझ्या भावाचा हात त्यात गेला. रुईच्या गाठी बांधणारे म्हणाले, भोंगा झाल्यावरही थांबवून घेता, तेवढं नका करू. एकीने सासूचं गाऱ्हाणं घातलं. त्याचा जिनाच्या सुधारणेशी संबंध नव्हता, पण तिला बरं वाटलेलं दिसलं. एकाने नुसतं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जरा वेळ थांबला आणि निघून गेला. आपल्याला कुणी काही विचारावं, याची त्याला सवय नव्हती.

किसनरावांनी हे एकदा पाहिलं. एक हमाल माझ्याशी बोलत होता आणि ते दारात येऊन थबकले. काय चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तोंडावर रुमाल धरून ते ऑफिसात पळाले. त्या दिवसापासून बंगल्यावर पाहुणे आले की ते हा किस्सा सांगत. कामगारांची चूक त्यांनी दुरुस्त मात्र केली नाही. दुरुस्त केली असती तर किस्सा संपला असता.

मित्रांनो, आता मंजुळाबाईबद्दल सांगते.

मंजुळाबाई मल्हारी धनगराची बायको. मल्हारी मेंढरं घेऊन कयाधू नदीच्या काठाकाठाने वर गेला होता. दरसाल ती त्याच्याबरोबर जाई. पण त्या साली घरात ग्यानबा नावाचे एक नवे गृहस्थ आले होते. त्यांना अजून बसता येत नव्हतं, दात नव्हते, आणि नाव आजोबांचं असल्यामुळे घरातली थोरली माणसंही त्यांना अहोजाहो करीत. उघड्या रानात, थंडीत, मेंढरांमागे लेकराला बाधेल, असं म्हणून मल्हारीने मायलेकरांना वसमतला नणंदेकडे ठेवलं. नणंद म्हणाली, बसून काय करशील, जिनात चल. अशी ती रेच्यावर उभी राहिली. लेकराला सांभाळण्यासाठी ती गावात आली होती, हे लक्षात ठेवा.

ती बोलायची कमी. पण रेच्यावर हात चालू असताना तिचा एक कान दाराकडे असे. कडुनिंबाखाली एवढ्या झोळ्या, त्यात कुणी ना कुणी रडतंच असे. त्यातून आपलं कोणतं रडतंय हे तिला रेच्यांच्या धडधडीतही कळायचं. ती शेजारणीला खूण करी, धावत जाई, पाजून धावत येई. तेवढ्यात शेजारीण दोन्ही रेचे सांभाळी. बायांनी आपसांत लावलेली ही व्यवस्था होती, आणि कोणत्याही मासिकात आली नव्हती.

अडचण एकच. वारा सुटला की दार आपोआप लागे आणि मुकादम येताजाता त्याला आतून कडी घालीत. दार लागलं की मंजुळाबाईला काही ऐकू येत नसे. एक दिवस पाण्याच्या निमित्ताने ती माझ्यापाशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं. तिने फटीला तोंड लावलं नाही, गाल लावला, आणि हळू बोलली.

"पेटीबाई, मी मंजुळा, मल्हारी धनगराची. मला पटका नको का लुगडं नको. फकस्त हे मागचं दार उघडं असू द्या. एक धोंडा लावला तरी बास हाय. दार उघडं आसलं का मला लेकरू ऐकू येते. कामाची खोटी न्हाई करनार मी. येवढंच. माझं बोलनं बारीक आलं आसंल तर मोठं करून ऐका म्हनावं."

शेवटचं वाक्य बोलून ती स्वतःशीच हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हा, आणि आणखी एकदा.

संक्रांत आली. मला भिंतीवरून उतरवून ऑफिसात नेलं. शेठजी होते, किसनराव होते, कारकून आणि मुकादम उभे होते. कामगार सगळे बाहेर अंगणात बसले होते. आपलं बोलणं आता वाजणार म्हणून बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या.

कुलूप काढलं. माझ्यात बरीच तुसं निघाली आणि चिठ्ठ्या निघाल्या दोन. एक कारकुनाची. ऑफिसातल्या खुर्चीला गादी असावी, असं त्यात होतं. दुसरी संतराम मुकादमाची. लेकरं पाजण्याच्या नावाखाली बाया मागच्या दाराने वरचेवर बाहेर जातात, कामाची खोटी होते आणि लुगड्याच्या ओटीतून रुई जाते, तरी मागच्या दाराला कुलूप असावं, असं त्यात होतं. आणि खाली एक ओळ की माझं नाव बाहेर फुटू नये, मला या बायांतच दिवस काढायचे आहेत.

"वा!" शेठजी म्हणाले. "याला म्हणायचं डोकं."

"आणि खर्चही नाही," किसनराव म्हणाले. "नवं कुलूप कशाला? हे पेटीचं आहे की. पेटीचं काम तर झालंच."

जरीकाठी पटका गोणपाटात गुंडाळून मुकादमाच्या काखेत गेला. कारकुनाच्या गादीचा विचार पुढच्या सालावर ढकलला.

मग किसनराव बाहेर ओट्यावर आले. मलाही आणलं, रिकामी, झाकण उघडं टाकून. शालूबाईने बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, आमचं बोलनं कव्हा लावनार?"

किसनरावांनी वळून शेठजींकडे पाहिलं. शेठजींना किस्सा माहीत होता. दोघंही गालात हसले.

"लावलं की," किसनराव म्हणाले. "शेठजींनी आत बसून सगळं ऐकलं. एकेक शब्द ऐकला. त्यात मागच्या दाराविषयी तुमच्यातूनच एक सूचना आली, ती त्यांना फार पसंत पडली. उद्यापासून तशी व्यवस्था होईल. नाव मात्र नियमाप्रमाणे गुप्त आहे."

मित्रांनो, मंजुळाबाई तेव्हा हसली. ते हे दुसऱ्यांदा. तिने तोंडाला पदर लावला, तरी बायांच्या लक्षात आलं.

"अगं, तूच व्हय? दाराचं तूच बोलली व्हती?"

"व्हय, पन बारीकच बोलले मी."

"बारीक बोलून काम केलं की बाई! आता लुगडं नेसून दाखव आमाला."

"लुगडं न्हाई घेनार. मी आधीच न्हाई म्हनून सांगितलं हाय."

"ऐका! पेटीला नखरे करून राहिली!"

तिने त्या दिवशी सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्या उघड्या पोटातही एक दाणा टाकला. तो पुढे मुंग्यांनी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा भोंगा झाला, बाया रेच्यांवर उभ्या राहिल्या, आणि फाटकावरचा हिरासिंग जमादार माझं पितळी कुलूप घेऊन आला. मागचं दार त्याने लावलं. कुलूप घातलं. ओढून पाहिलं. मी पुन्हा भिंतीवर होते, माझं झाकण लोंबकळत होतं, आणि माझं कुलूप हाताच्या अंतरावर त्या दारात होतं.

मंजुळाबाई रेचा सोडून आली. "दादा, हे काय? उघडं ठिवायचं ठरलं हाय. शेठजीनं ऐकलं हाय."

"ऐकलं म्हणूनच लावलं, बाई," हिरासिंग म्हणाला. "तुमच्याच मानसानं सांगितलं म्हनते."

"न्हाई, मी उघडं म्हनले व्हते. चुकलं आसंल ऐकायला. तुमी उघडा, मी सायबाला सांगते."

"बहेन," हिरासिंग खाली बघत म्हणाला, "चाबी मेरे पास है. हुकूम मेरे पास नहीं."

आता लेकराला पाजायचं तर दुपारचा भोंगा होईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या फाटकातून बाहेर पडून सगळ्या जिनाला वळसा घालून मागे जायचं. झोळ्या आत आणायला मनाई होती. आणि आणल्या असत्या तरी त्या तुसांत लेकरं खोकून मेली असती. मी भिंतीला टेकलेली. मला दोन्ही बाजू ऐकू येत. पलीकडे लेकरं रडत आणि अलीकडे बाया रेच्यांवर उभ्या राहत. मध्ये दाराची फळी.

लेकुरवाळ्या बाया मंजुळाबाईवर उखडल्या.

"हिनंच दाराचं काढलं. कुनी सांगितलं व्हतं त्वांड घालायला?"

"मी उघडं ठिवा म्हनले वं!"

"तू म्हनली आन् लागलं. नसती म्हनली तर व्हतं तसं चाललं आसतं."

मंजुळाबाई रेच्यावर परत गेली. दाराविषयी साऱ्या जिनात तिच्याशिवाय कुणी माझ्यापाशी बोललं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबाने सांगितलं, दाराची सूचना आली. दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. तिने हिशोब केला आणि तो जुळला. चिठ्ठी तिने पाहिली नव्हती. पाहिली असती तरी तिला वाचता आली नसती. मी पाहिली होती, आणि मला बोलता येत नव्हतं. आमच्या दोघींत मिळून एक धड साक्षीदार झाला असता.

उपाय पुन्हा शालूबाईनेच सांगितला. ती वाईट बाई नव्हती. तिने चांगलं तेच सांगितलं, जे तिच्या आईने तिला सांगितलं होतं.

"सकाळी पाजल्यावर अफूची गोळी दे. मोहरीयेवढी. नखावर घे अन् चाटव. दुपारपस्तोर हूं का चूं करनार न्हाई. माझी सगळी अशीच वाढली."

"काही व्हत तर न्हाई नं मावशी?"

"मी तुझ्यापुढं उभी हाय नं? मीबी तशीच वाढले."

ज्यांनी याआधी कधी दिली नव्हती त्या बायाही आता देऊ लागल्या. दाराला कुलूप लागल्यावर थोड्याच दिवसांत पलीकडचं रडणं कमी झालं. शेठजी एकदा फेरी मारायला आले आणि मागे उभे राहून म्हणाले, "शांतता वाढली आहे." किसनरावांनी हे टिपून घेतलं. रुई मात्र वजनाला जेवढी कमी भरायची तेवढीच कमी भरत राहिली. त्यावरून कुलूप काढावं असं कुणाला सुचलं नाही. सूचनेचा हंगाम संपला होता.

शिमगा जवळ आला. स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी येऊन उभ्या होत्या आणि गाठी भरून द्यायच्या होत्या. मुकादमाने आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "उद्या दुपारचा भोंगा न्हाई. वाघिनी भरल्यावरच सुट्टी."

सकाळी बाया दाराबाहेर लेकरं झोळीत घालीत होत्या ते मला फळीतून ऐकू येत होतं.

"दिवस लई मोठा हाय आज," मंजुळाबाई म्हणाली. "मोहरीयेवढीनं निभंल का मावशी?"

"ज्वारीयेवढी दे मंग आज. एक दिस."

दिवस मोठा, म्हणून गोळी मोठी. यात कुणाचंच काही चुकल्यासारखं तेव्हा वाटलं नाही.

दिवसभर रेचे चालले. दुपार गेली. उन्हं कलायला लागली तशी पलीकडे एकेक लेकरू जागं होऊन रडायला लागलं. आत बायांच्या छातीवर चोळ्या भिजल्या, तरी हात थांबवता येईना. ज्या बाईचं लेकरू रडे ती ओठ दाताखाली धरी. मंजुळाबाईचा कान दाराकडे होता. तिचं रडत नव्हतं.

"गुनाचं हाय तुझं," शेजारीण म्हणाली. "बाकीच्यायनी डोकं उठवलं."

"आजाचं नाव हाय नं," मंजुळाबाई म्हणाली. "समजदार हाय."

पण थोड्या वेळाने ती पाण्याच्या निमित्ताने दारापाशी आली आणि तिने फळीला कान लावला. बराच वेळ लावला. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या फटीत बोट घालून तिने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने कुलूप ओढलं. एकदा ओढलं, मग ओढतच राहिली. पितळी कुलूप चांगलं होतं. मुकादमाने तिच्या नावाने हाक मारली. ती गेली आणि रेच्यावर उभी राहिली.

भोंगा झाला तेव्हा सूर्य बुडत होता. ती सगळ्यांच्या आधी पुढच्या फाटकाकडे पळाली. मी इकडेच. मला फळीतून ऐकू आलं ते एवढंच, पावलं, मग झोळीची दोरी करकरली, मग ती हळू आवाजात, लाडाने, "ऊठ राजा. ऊठ. भोंगा झाला." मग तेच पुन्हा. मग जरा मोठ्याने. मग बाकीच्या बाया आल्या आणि त्यानंतरचं मी सांगत नाही.

किसनरावांना वाईट वाटलं, हे नमूद केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते मागच्या दाराजवळ येऊन उभे राहिले. मुकादम म्हणाले, "साहेब, अफू देतेत या बाया. अडानी लोक." किसनराव म्हणाले, "हो ना. यावर काय करावं, याबद्दल पुढच्या हंगामात सूचना मागवू."

कुलूप कुणी काढलं नाही.

शिमगा होऊन गेला. एका सकाळी मंजुळाबाई जिनात आली. कामाला नाही. फाटकाशी मल्हारी काठी टेकून उभा होता, तिला न्यायला आला होता. ती सरळ माझ्यापाशी आली. माझं झाकण उघडंच होतं, आत काही नाही हे तिला दिसत होतं. तरी तिने फटीलाच गाल लावला, मागच्यासारखा.

"पेटीबाई, मी बोलले ते परत घे. मी बोललेच न्हाई आसं कर. मोठ्या लोकायला सांगू न्हाई, हे आमाला कुनी शिकवलंच न्हाई. मला वाटलं, इचारून राहिले तर सांगावं. मी न्हाई बोलले तर दार उघडं राहिलं आसतं. माझं लेकरू माझ्या तोंडानं गेलं."

मित्रांनो, तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तुझं बोलणं इथून पुढे गेलंच नाही. बस्स. पण माझ्या फळ्या खोक्याच्या होत्या, गाण्याच्या पेटीच्या नव्हत्या.

तिने शेजारच्या ढिगातून मूठभर रुई उचलली, तिचा बोळा केला आणि माझ्या फटीत दाबून बसवला. शालूबाई रेच्यावरून पाहत होती. ती पुढे येऊ लागली आणि मध्येच थांबली. मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात तसा तो घातला होता. तो कुणी काढायचा नसतो.

फाटकातून मल्हारीने एकच शब्द काढला, "चल." ती गेली.

नंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. पुढच्या हंगामात किसनराव दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात गेले. जाताना मला न्यायचं विसरले. वर्षं गेली. मी भिंतीवर तुसं खात लोंबत राहिले. मग रझाकारांची धामधूम आली, शेठजी एका रात्रीत गाव सोडून गेले, जिन बंद पडला. यंदाच्या भाद्रपदात राज्य बदललं. दिवाळीपूर्वी जिनाचं सामान विकायला काढलं, तेव्हा तुमच्या गुरुजींनी मला शाळेसाठी घेतलं आणि बैलगाडीतून इकडे आणलं. मागचं दार तेव्हा उघडंच होतं. म्हणजे दारच नव्हतं, बिजागऱ्यांसकट कुणीतरी काढून नेलं होतं. कुलूपही.

फटीतला तो बोळा तुम्हीच काढलात. खेळता खेळता काडीने उकरून काढलात आणि फुंकून उडवलात. त्यात तुमची काही चूक नाही. उलट, मला त्या दिवसापासून पुन्हा नीट ऐकू येतं.

आत्मवृत्ताच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तूने काहीतरी मागायची रीत आहे. मला रंग देऊ नका. तेलपाणी करू नका. खडू ठेवा, बिजागरी निखळली तर जाळा, चालेल. माझी एकच सूचना आहे आणि ती मी कुठल्या पेटीत टाकत नाही, तुमच्या कानात घालते.

दिवाळी झाली की शाळेवरून मेंढरं जातात. तुम्ही खिडकीत जमता आणि गुरुजी ओरडतात. त्या मेंढरांमागे बायाही असतात. डोक्यावर बिऱ्हाड, पायात धूळ, कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्यात मल्हारी धनगराची मंजुळा आहे का, एवढं विचारा. लांबून हाक मारून नका विचारू, जवळ जाऊन विचारा. ती असली तर गुरुजींचा मार खावा लागला तरी चालेल, पण तिला सांगा. म्हणावं, दाराचं तुम्ही बोललात ते कुणी ऐकलंच नव्हतं. कुलूप दुसऱ्याच्या चिठ्ठीने लागलं. तुमच्या तोंडाने काही गेलं नाही.

ती विचारील, कुणी सांगितलं? तर माझं नाव सांगू नका. पेटीवर तिचा विश्वास राहिलेला नाही. आम्ही तुमच्याच तोंडून ऐकायला आलो असं सांगा, आणि तिचं बोलून होईपर्यंत तिच्यासमोर उभे राहा.